जिचे मरण, तिला विचारले का?

ज्या कथेत भूतकाळात परत जाण्याची सोय असते, त्या कथेतल्या कोणाही पात्राचा मृत्यू नुसता घडून गेला असे म्हणता येत नाही. तो टाळता आला असता हे कथेतल्या माणसांना ठाऊक असते, आणि टाळता येण्याजोगा मृत्यू टाळला गेला नाही तर त्याचा जाब कोणाला तरी द्यावा लागतो. इतर कथांत लेखक लाडक्या पात्राला आजाराने, अपघाताने किंवा युद्धात मारतो आणि दोष दैवाच्या माथी जातो; कालप्रवासाच्या कथेत दैवाच्या जागी निर्णय घेणारा माणूस उभा असतो. एच. जी. वेल्स यांच्या १८९५ च्या ‘द टाइम मशीन’मधला प्रवासी भविष्याकडे जातो, त्यामुळे हा पेच तेथे फारसा उद्भवत नाही. रे ब्रॅडबरी यांच्या १९५२ च्या ‘अ साउंड ऑफ थंडर’ या कथेत प्राचीन काळात शिकारीला गेलेल्या माणसाच्या पायाखाली एक फुलपाखरू चिरडते आणि परतल्यावर त्याला वर्तमानकाळ बदललेला दिसतो. आयझॅक आसिमॉव्ह यांच्या १९५५ च्या ‘द एंड ऑफ इटर्निटी’ या कादंबरीत तर काळाच्या बाहेर राहणारी एक संस्थाच मानवजातीच्या हितासाठी इतिहासात बेताचे फेरफार करत राहते, आणि त्या फेरफारांत ज्यांची आयुष्ये पुसली जातात त्यांना त्याची वार्ताही लागत नाही. त्यांना ती लागायला हवी होती का, हा या लेखाचा विषय आहे.

पुढील संवादातल्या दोन व्यक्ती दोन भूमिकांच्या प्रतिनिधी म्हणून योजल्या आहेत. एक आहेत नीतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका; दुसरा आहे त्यांचाच एके काळचा विद्यार्थी, जो आता विज्ञानकथा आणि मालिकांच्या पटकथा लिहितो. दोघांच्या चर्चेचा पाया म्हणून ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेचा ६ एप्रिल १९६७ रोजी प्रसारित झालेला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा भाग घेतला आहे, कारण लाडके पात्र आणि कालप्रवास यांची इतकी घट्ट गाठ दूरचित्रवाणीवर फार थोड्या ठिकाणी पडली आहे.

त्या भागाचे कथानक असे. औषधाचा अतिरिक्त डोस चुकून टोचला गेल्याने भ्रमिष्ट झालेला डॉक्टर मकॉय एका कालद्वारातून भूतकाळात उडी घेतो आणि त्याच क्षणी त्याचे सहकारी ज्या अवकाशयानातून आले ते यान, ते चालवणारा ग्रहसंघ, सगळेच नाहीसे होते. कॅप्टन कर्क आणि स्पॉक त्याच्या मागे १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोहोचतात. मंदीचा काळ आहे. एडिथ कीलर नावाची तरुणी बेकार, भुकेल्या माणसांसाठी अन्नछत्र चालवते आणि माणूस एक दिवस ताऱ्यांपर्यंत पोहोचेल असे त्यांना विश्वासाने सांगते. कर्क तिच्या प्रेमात पडतो. स्पॉक रेडिओच्या सुट्या भागांतून जोडलेल्या यंत्रावर दोन परस्परविरोधी नोंदी पाहतो : एकीत एडिथ १९३० मध्येच रस्त्यावरच्या अपघातात मरते, तर दुसरीत ती जगते आणि काही वर्षांनी राष्ट्राध्यक्षांची भेट घेण्याइतकी मोठी होते, तिची शांततावादी चळवळ अमेरिकेचा युद्धप्रवेश लांबवते, आणि अणुबॉम्ब आधी हिटलरच्या हाती पडतो. मकॉयने तिला वाचवले, म्हणून भविष्य नष्ट झाले. अखेरीस ती रस्ता ओलांडताना मोटार येते, मकॉय तिला ओढायला धावतो आणि कर्क त्याला घट्ट धरून ठेवतो. एडिथची भूमिका जोन कॉलिन्स यांनी केली होती, आणि एकाच भागापुरते आलेले हे पात्र प्रेक्षकांच्या मनात पुढची अनेक दशके राहिले.

प्राध्यापिका : या कथेत सर्वांत जास्त खटकते ते एडिथचे अज्ञान. तिच्या मृत्यूवर कर्क आणि स्पॉक दिवसचे दिवस विचार करतात, पुरावे तपासतात, एकमेकांशी वाद घालतात. जिचा जीव जाणार आहे तिला मात्र कोणी एक शब्दही सांगत नाही. ती काही भित्री किंवा अडाणी बाई नाही. परक्यांच्या भुकेसाठी आपले आयुष्य वाहिलेली, भविष्याचा विचार करणारी स्त्री आहे. माणुसकीसाठी प्राण द्यावा लागेल असे समजले असते, तर कदाचित तिने स्वतःच होकार दिला असता. तो होकार किंवा नकार देण्याचा तिचा अधिकार दोन पुरुषांनी परस्पर काढून घेतला, आणि कथेने त्याला कर्कचा त्याग म्हटले. त्याग नेमका कोणाचा झाला, ते तूच सांग.

कथाकार : बाई, आपला आक्षेप न्यायाच्या दृष्टीने बिनतोड आहे, पण कथा न्यायालय नव्हे. एडिथला सांगितले असते तर तिचा मृत्यू हौतात्म्य ठरला असता आणि प्रेक्षक डोळे पुसून घरी गेला असता. तिला काहीच ठाऊक नाही, म्हणूनच तो क्षण असह्य होतो. ती रस्ता ओलांडते ती कर्क आणि मकॉय एकमेकांना आनंदाने भेटताना पाहून, केवळ कुतूहलाने. त्या आधीच्या एका प्रसंगात जिन्यावरून तिचा तोल जातो तेव्हा कर्क नकळत तिला सावरतो, आणि स्पॉकच्या चेहऱ्यावर जी चिंता उमटते तिच्यातच सगळी शोकांतिका आहे : एका माणसाचा हात सवयीने वाचवतो आणि त्याच हाताला पुढे वाचवणाऱ्याला अडवायचे आहे. कर्कचा अपराध लेखकाने झाकलेला नाही. मकॉय त्याला विचारतो की आपण काय केले हे तुला कळते का, आणि उत्तर स्पॉक देतो की त्याला कळते. अपराध उघडा ठेवणे हेच लेखकाचे काम आहे.

प्राध्यापिका : अपराध उघडा ठेवला हे मान्य, पण तो कोणता अपराध, याबद्दल कथा गोंधळलेली आहे. कर्क एडिथला मारत नाही, तो तिला मरू देतो. मारणे आणि मरू देणे यांतल्या भेदावर नीतिशास्त्रात फार मोठी चर्चा आहे, आणि योगायोग असा की फिलिपा फूट या ब्रिटिश तत्त्वज्ञ स्त्रीने ज्या निबंधात भरकटलेल्या ट्रामचे प्रसिद्ध उदाहरण दिले, तोही १९६७ मधलाच. ब्रेक निकामी झालेली ट्राम पाच माणसांवर जात असेल आणि चालकाला ती एकच माणूस असलेल्या रुळावर वळवता येत असेल, तर त्याने काय करावे, असा तो प्रश्न. त्या उदाहरणात चालकाकडे वेळ नसतो. रुळावरच्या माणसाला विचारणे अशक्य असते. कर्ककडे वेळ होता. तो तिच्याबरोबर संध्याकाळी फिरायला जात होता. ज्याच्याकडे विचारण्याइतका वेळ आहे आणि जो तरीही विचारत नाही, त्याने मारणे आणि मरू देणे या भेदाआड लपू नये.

कथाकार : तर मग हार्लन एलिसन यांचा मूळ मसुदा आपल्याला जास्त मानवेल. प्रसारित झालेल्या भागाला १९६८ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला, पण एलिसन यांनी लिहिलेली पटकथा निर्मात्यांनी बरीच बदलून घेतली होती, आणि मूळ पटकथेला लेखकांच्या संघटनेचा पुरस्कार स्वतंत्रपणे मिळाला. त्या मूळ रूपात कर्क एडिथला मरू देऊ शकत नाही. सगळ्या भविष्यापेक्षा एक जीव त्याला जड वाटतो, आणि निर्णायक क्षणी हस्तक्षेप स्पॉकला करावा लागतो. निर्मात्यांना असा कॅप्टन नको होता. मालिकेचा नायक कर्तव्यात कसूर करत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लेखक म्हणून एलिसन यांची बाजू घ्यावीशी वाटते, कारण त्यांनी प्रेम हे विश्वाच्या हिशेबात बसत नाही हे सत्य सांगितले.

प्राध्यापिका : तेथेही एडिथला कोणी विचारत नाही. एका रूपात कर्तव्य तिला मारते, दुसऱ्यात प्रेम तिला वाचवू पाहते. दोन्हींत ती पुरुषाच्या परीक्षेचे साधन राहते.

या टप्प्यावर वादाला वेगळे वळण लागते, कारण एडिथच्या प्रसंगाची जवळजवळ उलटी प्रतिमा पुढे ब्रिटिश मालिका ‘डॉक्टर हू’मध्ये दोनदा आली. २००५ च्या ‘फादर्स डे’ या भागात रोज टायलर ही तरुणी १९८७ मध्ये जाऊन आपल्या वडिलांना, पीट टायलर यांना, मोटारीखाली येण्यापासून वाचवते. काळाला पडलेल्या या छिद्रातून भयानक जीव आत येतात आणि माणसे गिळू लागतात. उपाय मालिकेचा कालप्रवासी नायक डॉक्टर याला ठाऊक असतो, पण रोजच्या वडिलांना तो काही सांगत नाही. पीट स्वतःच सगळे जुळवून काढतात, ती मोटार पुन्हा पुन्हा त्याच रस्त्यावर का दिसते हे ओळखतात आणि आपणहून तिच्यासमोर जातात. २००९ च्या ‘द वॉटर्स ऑफ मार्स’ या भागात मंगळावरच्या तळाची प्रमुख ॲडलेड ब्रूक हिचा २०५९ मधला मृत्यू हा इतिहासातला ‘निश्चित बिंदू’, म्हणजे ज्याला कोणीही हात लावू नये असा क्षण मानलेला आहे, कारण त्या मृत्यूच्या प्रेरणेने तिची नात पुढे माणसांना ताऱ्यांकडे नेणार आहे. डॉक्टर हे सगळे ॲडलेडला सांगतो, निघून जातो, आणि मग अहंकाराने परत येऊन तिला वाचवतो. घरी पोहोचल्यावर ती त्याला बजावते की असा अधिकार कोणाच्याही हाती नसावा, आणि आपल्या मृत्यूने इतिहास पूर्ववत करते.

प्राध्यापिका : ॲडलेडचा प्रसंग हा या सगळ्या परंपरेतला सर्वांत प्रामाणिक आहे. तिला माहिती मिळाली, तिने वाचवणाऱ्याचा न्याय केला, आणि तो न्याय त्याच्या विरुद्ध गेला.

कथाकार : बाई, येथे मात्र आपल्याशी ठाम असहमती आहे. एखाद्याला तुझ्या मरणाने जगाचे भले होणार आहे असे सांगणे म्हणजे त्याला स्वातंत्र्य देणे नव्हे. ते त्याच्यावर लादलेले सर्वांत जड ओझे आहे. ॲडलेडसमोर एका पारड्यात स्वतःचा जीव आणि दुसऱ्यात नातीचे व सगळ्या मानवजातीचे भवितव्य ठेवले गेले. असा माणूस नाही म्हणूच शकत नाही. ज्या प्रश्नाला एकच उत्तर शक्य आहे तो विचारणे ही सक्ती असते, आणि विचारणाऱ्याचे हात मात्र स्वच्छ राहतात. कर्कने निदान आपले हात स्वच्छ ठेवले नाहीत. एडिथ अखेरच्या क्षणापर्यंत निर्धास्त होती, प्रेमात होती. तिच्या वाट्याची भीती त्याने स्वतःवर घेतली. हीही एक करुणा आहे, आणि ती कमी प्रतीची नाही.

प्राध्यापिका : हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. तरी एवढे म्हणता येईल की ओझे जड आहे म्हणून ते दुसऱ्याच्या नकळत उचलणे, ही सवय लागली की तिला अंत राहत नाही. आसिमॉव्ह यांच्या कादंबरीतली संस्था नेमक्या याच करुणेपोटी इतिहास दुरुस्त करत होती. माणसांना दुःख नको, धोका नको, म्हणून तिने त्यांचे धाडसच काढून घेतले, आणि त्या कादंबरीचा शेवट ती संस्थाच अस्तित्वात येऊ नये या निर्णयाने होतो. आजारी माणसापासून त्याचा आजार लपवणारे आपल्याकडचे नातेवाईकही प्रेमानेच लपवतात. त्या माणसाची शेवटची इच्छा मात्र कोणाला कळत नाही.

कथाकार : एडिथला तरी विचारता येते. ज्यांना विचारताच येत नाही, त्यांचे काय? जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्या. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासराव गोळी लागून पडले नसते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर एका इतिहासकाराला प्रत्यक्ष पाहायला मिळते. अपघातानंतर तो अशा हिंदुस्थानात वावरतो जेथे ती गोळी विश्वासरावांना चाटून गेली आणि मराठे पानिपत जिंकले. मराठी वाचकाला ती कथा इतकी जवळची का वाटते हे सांगायला नको. कोणताही मराठी माणूस त्या गोळीच्या वाटेत आडवा व्हायला तयार होईल.

प्राध्यापिका : आणि आडवा झाला तर स्वतः उरणार नाही. डेरेक पारफिट या तत्त्वज्ञाने १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात मांडलेला एक प्रश्न येथे लागू पडतो. कोणाचाही जन्म विशिष्ट आईबाप विशिष्ट वेळी एकत्र येण्यावर अवलंबून असतो. वेळ जरा पुढेमागे झाली तरी जन्माला येणारे मूल वेगळे असते. म्हणून एखादा मोठा निर्णय बदलला की काही पिढ्यांनंतर त्याच माणसांचे नशीब सुधारत नाही, तर माणसेच वेगळी जन्मतात. पानिपतावर विश्वासराव वाचले असते तर लढाया, स्थलांतरे, लग्ने सगळी वेगळी झाली असती, आणि आज पानिपताची हळहळ करणाऱ्यांपैकी बहुधा कोणीही जन्माला आले नसते. ती गोळी अडवणे म्हणजे एका तरुणाच्या प्राणांसाठी आजच्या कोट्यवधी माणसांचे असणे पुसणे होय. नारळीकरांनी गंगाधरपंतांच्या हाती काहीही बदलण्याची शक्ती दिली नाही, त्यांना फक्त पाहू दिले. कथेचे हे संयमन वाचकांच्या लक्षात यायला हवे, कारण ते विज्ञानाइतकेच नीतीचेही आहे.

कथाकार : मग त्याच न्यायाने कर्क बरोबर ठरतो. कोट्यवधी माणसांचे असणे एडिथच्या मरणावर उभे होते, आणि त्या कोट्यवधींना कोणी विचारू शकत नव्हते.

प्राध्यापिका : तो बरोबर ठरत असेलही. आक्षेप निर्णयावर नाही, तो घेण्याच्या रीतीवर आहे. ज्यांना विचारता येत नाही त्यांच्यासाठी कोणीतरी बोलावे लागते. जिला विचारता येते तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही.

येथे लेखकाचे मत नोंदवणे आवश्यक आहे. प्राध्यापिकांनी केलेला हा भेद महत्त्वाचा आहे, आणि कालप्रवासाच्या पुष्कळ कथा तो पाळत नाहीत. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या मालिकेच्या मे २००१ मधल्या ‘एंडगेम’ या शेवटच्या भागात वृद्ध ॲडमिरल जेनवे भूतकाळात जाते, कारण घरी पोहोचण्याच्या दीर्घ प्रवासात तिने बावीस सहकारी गमावले, त्यांत सेव्हन ऑफ नाइन ही प्रेक्षकांची अतिशय लाडकी नायिका होती, आणि जिवलग मित्र टुवॉक आजाराने भ्रमिष्ट झाला. तिची व्यथा खरी आहे. पण तिने पुसून टाकलेल्या वर्षांत त्या यानाबाहेरही माणसे जगत होती, जन्माला येत होती, आणि त्यांच्याबद्दल भाग जवळजवळ काहीच बोलत नाही. ज्यांना नाव आहे, चेहरा आहे, ज्यांच्यासाठी प्रेक्षक पत्रे लिहितात, ते वाचतात; निनावी माणसे हिशेबातही येत नाहीत. लाडक्या पात्राला वाचवण्याची ही नैतिकता मुळात वशिल्याची नैतिकता आहे, आणि ती सुखान्त म्हणून स्वीकारली जाते हे क्लेशदायक आहे. याउलट १९८२ मध्ये ‘डॉक्टर हू’मधला किशोरवयीन सोबती ॲड्रिक मेला, तेव्हा पुढच्याच कथेत मैत्रिणींनी डॉक्टरला परत जाऊन त्याला वाचवण्याची गळ घातली आणि डॉक्टरने ती नाकारली. ज्याच्याकडे काळाचे यान आहे त्याने नाही म्हणणे, हे त्या मालिकेने उचललेले धाडसाचे पाऊल होते.

कथाकार : सगळी कारणे नैतिक नसतात, बाई, हेही सांगायला हवे. पात्र मरते ते कधी नट मालिका सोडतो म्हणून, कधी लेखक कंटाळतो म्हणून. कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये होम्सला धबधब्यात ढकलले ते त्याच्यापासून सुटका हवी म्हणून. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’मधल्या टाशा यार या सुरक्षा अधिकारी स्त्रीचे १९८८ मधले मरण असेच. डेनिस क्रॉस्बी या अभिनेत्रीला मालिका सोडायची होती, म्हणून एका ग्रहावरच्या दुष्ट जीवाने तिला उगाचच, एका फटक्यात मारले. लढाई नाही, हेतू नाही. पण त्याच मालिकेच्या लेखकांनी १९९० मध्ये ‘यस्टरडेज एंटरप्राइझ’ हा भाग लिहिला. बावीस वर्षांपूर्वीचे एक यान कालविवरातून वर्तमानात येते, इतिहास बदलतो, ग्रहसंघ क्लिंगन या परग्रहवासीयांशी हरत आलेल्या युद्धात अडकलेला दिसतो, आणि त्या बदललेल्या जगात टाशा जिवंत असते. इतिहास पूर्ववत करायचा तर ते जुने यान परत जाऊन नष्ट व्हायला हवे. इतिहास बदलल्याचे जाणवलेली, यानावरची गायनन टाशाला सांगते की खऱ्या काळात ती जिवंत नाही आणि तिचे मरण अर्थशून्य होते. मग टाशा स्वतः कॅप्टनकडे जाऊन त्या यानावर जाण्याची परवानगी मागते. येथे आपली अट पूर्ण होते, बाई. तिला सांगितले गेले आणि तिने निवडले. लेखकांनी आपल्याच जुन्या चुकीचे परिमार्जन केले, आणि तेही कालप्रवासाच्याच साधनाने.

प्राध्यापिका : तो भाग थोर आहे, यात शंका नाही. पण त्या कथेचा शेवट तू सांगितला नाहीस. १९९१ मध्ये त्याच मालिकेत सेला नावाची एक रोम्युलन, म्हणजे शत्रुपक्षातली परग्रहवासी, अधिकारी आली. ती टाशाची मुलगी असल्याचे सांगते : जुन्या यानावरचे लोक पकडले गेले, टाशाला एका रोम्युलन सेनापतीची व्हावे लागले, मुलगी चार वर्षांची असताना टाशाने तिला घेऊन पळण्याचा प्रयत्न केला, मुलीने ओरडून पहारेकऱ्यांना सावध केले, आणि टाशाला मृत्युदंड झाला. हे सगळे टाशाच्या अनुपस्थितीत, दुसऱ्याच्या तोंडून, दोन वाक्यांत कळते.

कथाकार : सेलाची कल्पना खुद्द क्रॉस्बी यांनीच सुचवली होती. पडद्यावर परत येण्याची ती त्यांची वाट होती.

प्राध्यापिका : अभिनेत्रीची इच्छा आणि पात्राची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाशाने जाणून-बुजून पत्करलेले मरण तिच्याकडून काढून घेतले गेले, आणि एका नव्या खलनायिकेचा पूर्वेतिहास म्हणून वापरले गेले. पहिले मरण अर्थशून्य होते, पण ते निदान अपघाताने तसे झाले होते. दुसऱ्या वेळी लेखकांना तिची निवड ठाऊक होती.

कथाकार : एडिथच्या बाबतीत आपले म्हणणे मान्य होत नाही आणि बहुधा होणारही नाही, तिचे अज्ञान काढून घेतले तर ती कथाच उरत नाही. टाशाच्या बाबतीत मात्र बचाव करता येत नाही. १९९० मध्ये तिला विचारून दिलेला शब्द १९९१ मध्ये तिला न विचारता मोडला गेला, आणि तो निर्णय चुकीचा होता.